कुंपणावरचें फळ

आयर्लंडचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास म्हटला म्हणजे ओकॉनेलच्या विराट सभा, बटाट्याचा दुष्काळ, पार्नेलच्या काळची जमिनीची चळवळ आणि अमेरिकेकडे निघालेलीं माणसांनीं भरलेलीं गलबतें हीं चित्रें प्रथम डोळ्यांपुढें उभीं राहतात. तीं खरींच आहेत. परंतु त्या काळचीं वृत्तपत्रें उघडलीं म्हणजे या मोठ्या चित्रांच्या कडेला एक अगदीं लहान वस्तु वारंवार दृष्टीस पडते. ती वस्तु म्हणजे कुंपणावर पिकणारें एक काळें फळ, ब्लॅकबेरी. अग्रलेखांत तें उपमा म्हणून येतें. हवामानाच्या बातमींत ऋतूची खूण म्हणून येतें. न्यायालयाच्या वृत्तांतांत तक्रारीचें कारण म्हणून येतें आणि दुष्काळाच्या दिवसांत उपाशी माणसाचें अन्न म्हणून येतें. एकाच फळाचीं हीं चार रूपें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तर ज्यांच्या नांवावर जमिनीचा तुकडाही नव्हता अशा लोकांचा इतिहास थोडा स्पष्ट दिसूं लागतो.

हें फळ आपल्याकडील करवंदाप्रमाणें रानांत, कांटेरी जाळींत येणारें असलें, तरी त्याचें कूळ निराळें आहे. तें गुलाबाच्या कुळांतलें. एकेक फळ म्हणजे रसाळ मण्यांचा लहानसा घोस असतो. तें प्रथम हिरवें, मग लाल आणि शेवटीं काळेंभोर होतें. इंग्रजींत ‘हिरवें’ या शब्दाचा ‘कच्चें’ असाही अर्थ होत असल्यामुळें, काळी बेरी हिरवी असते तेव्हां लाल असते, असा एक जुना विनोद त्या भाषेंत आहे. झुडपाच्या लांब कमानदार फांद्या पहिल्या वर्षीं नुसत्या वाढतात. दुसऱ्या वर्षीं त्यांना फुलें व फळें येतात आणि मग त्या वाळून जातात. फांदीचें टोंक वांकून जमिनीला टेकलें कीं तेथेंच तें मूळ धरतें आणि नवें झुडूप उभें राहतें. म्हणून ही जाळी कोणाला लावावी लागत नाहीं. उलट शेतकऱ्यानें ती वेळोवेळीं छाटली नाहीं, तर ती शेतांत पाय पसरते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत या फळांचा हंगाम असतो.

आयर्लंडांत या जाळीला जागाही भरपूर मिळाली. अठराव्या शतकांत आणि एकोणिसाव्याच्या आरंभीं तेथील मोकळ्या जमिनी मोठ्या प्रमाणावर बंदिस्त झाल्या. शेताशेतांभोंवतीं मातीचे बांध घालून त्यांवर झुडपांचीं कुंपणें लावण्यांत आलीं. इंग्लंडांत ‘डिच’ म्हणजे खणलेला चर. आयर्लंडच्या इंग्रजींत मात्र त्याच शब्दानें चराची माती काढून रचलेला बांध ओळखला जातो. हा बांध म्हणजेच ब्लॅकबेरीचें घर. बांधाच्या आंतील जमीन जमीनदाराची, तिच्यांतील पीक कुळाचें आणि बांधावर आपोआप पिकणारें फळ मात्र जो खुडील त्याचें, अशी लोकांची समजूत होती. पुढील सर्व कथा या एका समजुतीभोंवतीं फिरते.

फळाची ओळख तर फार पुरातन. डब्लिन शहरांतील व्हायकिंग काळच्या वस्तीचें उत्खनन झालें, तेव्हां मलकूपांतून या फळाच्या बिया सांपडल्या. म्हणजे हजार वर्षांपूर्वींचे नगरवासीही तें आवडीनें खात असत. त्याहूनही जुन्या, आठव्या शतकांतील, आयरिश कायद्यांत २८ वृक्षांची व झुडपांची चार वर्गांत विभागणी केलेली आहे. ओक, हेझल यांसारखे मानाचे वृक्ष पहिल्या वर्गांत. ब्लॅकबेरीची जाळी अगदीं शेवटच्या वर्गांत, नेचा, हेदर आणि रानगुलाब यांच्या पंक्तीस. ओकचा मान तिला मिळाला नाहीं, तरी कायद्याच्या दृष्टींतून ती सुटली नाहीं, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

आयरिश भाषेंत या फळाला ‘स्मेर’ आणि जाळीला ‘ड्रिश’ म्हणतात. कॉर्क परगण्यांतील ड्रिशेन यासारखीं ग्रामनामें त्या दुसऱ्या शब्दावरूनच पडलेलीं आहेत. एखाद्या समूहांतील सर्वोत्तम माणसाला किंवा वस्तूला त्या भाषेंत ‘शेंड्यावरची बेरी’ म्हणतात. जाळीच्या सर्वांत वरच्या टोंकाला, उन्हांत पिकलेलें आणि हाताला सहज न लागणारें फळ सर्वांत गोड, हा अनुभव त्या शब्दप्रयोगामागें आहे. ज्यानें स्वतः कांटे सोसून फळें खुडलीं त्यालाच सुचावी अशी ही उपमा आहे.

वृत्तपत्रांची भाषा मात्र आयरिश नव्हती. ‘बेल्फास्ट न्यूज-लेटर’ १७३७ पासून आणि डब्लिनचें ‘फ्रीमन्स जर्नल’ १७६३ पासून निघत होतें. ‘कॉर्क एग्झॅमिनर’ १८४१ सालीं, तरुण राष्ट्रवाद्यांचें ‘नेशन’ १८४२ सालीं आणि ‘आयरिश टाइम्स’ १८५९ सालीं सुरू झालें. हीं सर्व पत्रें इंग्रजींत निघत. १८५५ सालीं वृत्तपत्रांवरील मुद्रांक-कर उठला, १८६१ सालीं कागदावरील कर गेला, आणि मग लहान लहान गांवांतूनही साप्ताहिकें निघूं लागलीं. पत्र विकत घेणें सर्वांना परवडत नसे. लोहाराच्या भट्टीजवळ किंवा प्रार्थनामंदिराच्या दारांत एकानें मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्यांनीं ऐकावें, असा प्रघात असे. कारण १८४१ च्या जनगणनेप्रमाणें पांच वर्षांवरील लोकांपैकीं शेंकडा ५३ जणांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. ब्लॅकबेरी खुडणारे बहुतेक या ५३ मधले. तिच्याविषयीं लिहिणारे उरलेल्या ४७ मधले. वृत्तपत्रांतील या फळाचा अर्थ लावतांना हें अंतर विसरतां येत नाहीं.

लिहिणाऱ्यांच्या हातीं हें फळ प्रथम उपमा म्हणून आलें. आपण एखादी वस्तु ‘पैशाला पासरी’ झाली म्हणतों. इंग्रजी लिहिणारा ती ‘ब्लॅकबेरीइतकी विपुल’ म्हणतो. हा प्रयोग आयर्लंडांत जन्मलेला नव्हे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘चौथा हेन्री’ या शेक्सपिअरच्या नाटकांत फॉल्स्टाफ खोटें बोलतांना पकडला जातो. त्याला कारण विचारतां तो ब्लॅकबेरीचा दाखला देऊन उत्तर टाळतो. ‘कारण’ आणि ‘बेदाणा’ या दोन इंग्रजी शब्दांचा उच्चार त्या काळीं जवळजवळ सारखाच होत असल्यामुळें प्रेक्षकांना त्यांतील कोटी तत्काळ कळे. तेव्हांपासून ही उपमा लेखकांच्या लेखणीच्या टोंकावर बसली. आयरिश संपादकही तिचा मुक्तपणें उपयोग करीत. निवडणूक आली कीं उमेदवार ब्लॅकबेरीइतके. सरकारीं पद रिकामें झालें कीं अर्ज ब्लॅकबेरीइतके. अफवा आणि आश्वासनें तर नेहमींच तितकीं.

याच फळाला भाषेंत दुसराही अर्थ होता. जें विपुल तें क्षुद्र, या न्यायानें एखादी गोष्ट ‘ब्लॅकबेरीच्याही किंमतीची नाहीं’ असें म्हणत. विपुलता आणि क्षुद्रता हे दोन्ही अर्थ ज्याच्या घरीं भाकरी आहे त्याला सुचणारे आहेत. ज्याच्या घरीं ती नाहीं, त्याच्या तोंडीं हा शब्द कोणत्या अर्थानें येत होता, तें पाहण्यासाठीं वृत्तपत्राचें पान उलटून आंतील बातम्यांकडे वळलें पाहिजे.

१८४५ च्या सप्टेंबरांत बटाट्यावर एक नवा रोग आल्याच्या बातम्या आयरिश पत्रांतून येऊं लागल्या. त्या वर्षीं पिकाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक नासला. पुढील वर्षीं तो रोग उन्हाळ्यांतच पसरला. फादर मॅथ्यू हे दारूबंदीचे प्रचारक २७ जुलै १८४६ रोजीं कॉर्कहून डब्लिनला गेले, तेव्हां त्यांना वाटेंतील शेतें हिरवींगार दिसलीं. ३ ऑगस्टला परततांना तीच शेतें काळवंडून सडलेलीं होतीं. त्या वर्षीं जवळजवळ सर्व पीक गेलें. बटाटा हें तेथील मजुराचें केवळ तोंडी लावणें नव्हतें. काम करणारा एक पुरुष दिवसाला १२ ते १४ पौंड बटाटे खाई आणि त्याबरोबर मिळालें तर ताक घेई. तें अन्न गेलें म्हणजे सर्वच गेलें.

अशा वेळीं लोक रानाकडे वळले. खाजकोलती, रानमोहरी, समुद्रकांठचें शेवाळ, शिंपल्यांतील किडे आणि कुंपणावरच्या ब्लॅकबेरी, जें हातीं लागेल तें त्यांनीं खाल्लें. दुष्काळाच्या लोकस्मृतींत या सर्वांचीं नांवें आजही टिकून आहेत. परंतु या फळानें किती आधार दिला असेल, याचा हिशेब करून पाहावा. १०० ग्रॅम बटाट्यांत सुमारे ७५ कॅलरी असतात, तितक्याच ब्लॅकबेरींत सुमारे ४३. एका प्रौढ माणसाला नुसत्या या फळावर दिवस काढावयाचा, तर त्याला रोज दहा पौंडांच्या आसपास फळें खुडावीं लागतील आणि तितकीं खाऊन पोटांत राहिलीं पाहिजेत. एकट्याला कदाचित् दोन दिवस जमेल. गांवच्या गांव बांधावर उतरल्यावर तिसऱ्या दिवशीं जाळी रिकामी होईल. एक उपकार मात्र या फळानें केला असला पाहिजे. बटाटा गेल्यावर आयर्लंडांत रक्तपिती म्हणजे स्कर्व्ही हा रोग दिसूं लागला, कारण क जीवनसत्त्व लोकांना बटाट्यांतूनच मिळत असे. ब्लॅकबेरींत तें चांगल्या प्रमाणांत असतें. तेवढे आठवडे तरी खाणाऱ्याच्या हिरड्या शाबूत राहिल्या असतील. पोट मात्र त्यानें भरलें नाहीं. ‘ब्लॅकबेरीइतकें विपुल’ या वाक्प्रचारांतील विपुलता दीड-दोन महिन्यांची आणि मूठभर साखरेची होती, हें संपादकांच्या उपमेंत कोठेंच दिसत नाहीं.

या हंगामाचा शेवट लोकांनीं एका भुताच्या हातीं सोंपविला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला प्राचीन आयरिश पंचांगांतील ‘साविन’ हा हिंवाळ्याच्या आरंभाचा सण येतो. त्याच्या आदल्या रात्रीं ‘पूका’ नांवाचें, बहुधा काळ्या घोड्याच्या रूपानें हिंडणारें भूत रानोमाळ फिरतें आणि ब्लॅकबेरीवर थुंकतें, असा समज आहे. त्या रात्रीनंतर मुलांना हें फळ तोंडांत घालूं देत नसत. इंग्लंडांत हीच गोष्ट सैतानाच्या नांवावर सांगतात आणि तिचा दिवस मायकेल देवदूताच्या सणाचा, म्हणजे २९ सप्टेंबरचा, मानतात; १७५२ सालीं इंग्रजी पंचांगांतून ११ दिवस गळल्यामुळें कोठें कोठें तो १० ऑक्टोबरला धरतात. कथा निराळ्या, पण त्यांतील शहाणपण एकच आहे. थंडी सुरू झाली कीं उरलेल्या फळांत अळ्या पडतात, त्यांवर बुरशी चढते, रस पाणचट होतो. वडिलधाऱ्यांनीं मुलांना बुरशीवर व्याख्यान न देतां भूत दाखविलें, आणि तेंच अधिक लागू पडलें. १८४६ सालीं मात्र पूकाची रात्र येऊन गेल्यावर घरांत दुसरें कांहींच नव्हतें. त्यानंतर आलेला हिंवाळा विलक्षण कडक होता. कॉर्कच्या पश्चिमेस स्किबरीन येथून त्या हिंवाळ्यांत आलेल्या वार्ता वाचून सारें इंग्लंड हादरलें. पण तोंवर बांधावरचें कोठार केव्हांच बंद झालें होतें.

पुढील वर्षीं सरकारनें गांवोगांव शिजविलेलें अन्न वांटण्याची व्यवस्था केली. १८४७ च्या जुलैमध्यें रोज सुमारे ३० लाख लोक त्यावर जगत होते. ही व्यवस्था ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें, बरोबर ब्लॅकबेरी पिकूं लागण्याच्या वेळीं, बंद करण्यांत आली. त्याच वर्षींच्या कायद्यानें, पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला ती सोडल्यावांचून साहाय्य मिळणार नाहीं, असें ठरलें. कुळें जमीन सोडून निघालीं. जीं निघालीं नाहींत त्यांना काढण्यांत आलें. १८४९ ते १८५४ या काळांत सुमारे अडीच लाख माणसें घरांतून हुसकावलीं गेल्याची पोलिसांच्या दप्तरीं नोंद आहे. घराचें छप्पर पाडल्यावर कित्येक कुटुंबें बांधाच्या पोटांत खड्डा करून, त्यावर काटक्या आणि गवत घालून राहिलीं. अशा निवाऱ्याला ‘स्काल्प’ असें एक स्वतंत्र नांवच पडलें. ज्या बांधावर त्यांच्या मुलांनीं फळें खुडलीं होतीं तोच बांध आतां त्यांचें घर झाला. १८४१ सालीं ८१ लाखांहून अधिक असलेली देशाची लोकसंख्या १८५१ सालीं सुमारे ६५ लाख उरली. दहा लाखांच्या आसपास माणसें मेलीं आणि त्याहून अधिक परदेशीं गेलीं.

दुष्काळानंतर या फळाच्या कथेला निराळें वळण लागलें. १८७४ सालीं ब्रिटिश सरकारनें साखरेवरील जकात रद्द केली. साखर स्वस्त झाली, तसा मुरंबाही स्वस्त झाला आणि इंग्लंडांतील कामगाराच्या पावावर लोण्याऐवजीं जॅम दिसूं लागला. कारखान्यांना फळें हवीं होतीं. आयर्लंडच्या बांधांवर तीं होतींच. शतकाच्या अखेरीस आयर्लंडांत तीन हजार मैलांहून अधिक लांबीचे लोहमार्ग झाले होते. फळांचे व्यापारी तराजू आणि पिंपें घेऊन बसूं लागले. बायका व मुलें टोपल्या आणि पत्र्याचे डबे भरून आणूं लागलीं. तोलून रोख पैसे मिळत. पिंपें आगगाडीनें बंदराला आणि तेथून जहाजानें इंग्लंडला जात. ज्या घरांत वर्षभर नाण्याचें दर्शन दुर्मिळ, तेथें या पैशांतून हिंवाळ्याचे बूट येत. ‘ब्लॅकबेरीच्याही किंमतीचें नाहीं’ असें म्हणणाऱ्या भाषेला बाजारानें दिलेलें हें उत्तर होतें.

या व्यापाराची झळ लागली ती शाळांना. आयर्लंडांत १८३१ पासून राष्ट्रीय शाळा निघाल्या होत्या. १८७२ पासून १८९९ पर्यंत तेथील शिक्षकांच्या वेतनाचा एक भाग मुलांच्या वार्षिक परीक्षेच्या निकालावर अवलंबून असे, आणि परीक्षेस बसण्यासाठीं मुलाची ठराविक दिवसांची हजेरी भरावी लागे. सप्टेंबरचें ऊन पडलें कीं बांक रिकामे. मुलाच्या टोपलींत पडणारें प्रत्येक फळ एकीकडे घरांत पैसा आणी आणि दुसरीकडे गुरुजींच्या तुटपुंज्या वेतनांतून कांहीं वजा करी. १८९२ सालीं शिक्षण सक्तीचें करणारा कायदा झाला. तो प्रथम शहरांपुरताच होता, आणि पिकाच्या काढणीसारख्या हंगामी कामासाठीं मुलाला घरीं ठेवण्याची मुभा त्यानेंही दिली. गरिबाच्या घरीं सप्टेंबरचें पीक हेंच होतें, मग तें लावलें कोणीं हा प्रश्न निरर्थक होता.

परंतु फळाला किंमत येतांच तो प्रश्न दुसऱ्या ठिकाणीं विचारला जाऊं लागला. जोंवर ब्लॅकबेरी क्षुद्र होती, तोंवर ती कोणाची याचा विचार करण्याचें जमीनमालकाला कारण नव्हतें. आतां कुंपण मोडलें, गवत तुडविलें, गुरें बाहेर गेलीं, अशा तक्रारी स्थानिक न्यायाधीशांपुढें येऊं लागल्या आणि त्यांचे वृत्तांत साप्ताहिकांत छापले जाऊं लागले. कायद्याची स्थिति मोठी चमत्कारिक होती. इंग्लंड व आयर्लंड या दोहोंना लागू असलेल्या १८६१ च्या चोरीविषयक कायद्यानें बागेंतील फळ चोरणें हा गुन्हा ठरविला होता आणि शेतांत लावलेलीं खाद्य कंदमुळेंही संरक्षिलीं होतीं. आपोआप उगवलेल्या रानफळाचें नांव त्यांत नव्हतें. म्हणून फळ खुडणाऱ्या मुलाला चोर म्हणतां येत नसे. पण तें फळ खुडण्यासाठीं तो शेतांत उतरला तर दुसऱ्याच्या जमिनींत शिरला, आणि बांधावर चढतांना काठी मोडली तर नुकसान केलें. फळ सर्वांचें, परंतु त्याच्यापर्यंत जाणारी वाट मालकाची! ज्या काळांत सारा आयर्लंड जमीन कोणाची या प्रश्नावरून पेटलेला होता, त्याच काळांत हा प्रश्न टोपलीभर फळांच्या निमित्तानें गांवच्या न्यायालयांत उभा राहत होता. १९०३ च्या कायद्यानंतर कुळें मोठ्या प्रमाणांत आपल्या जमिनींचीं मालक झालीं. बांधावरच्या फळाचा निकाल मात्र कोणत्याच कायद्यानें लावला नाहीं. तो लोकांच्या जुन्या समजुतीनेंच लागत राहिला.

एकोणिसाव्या शतकांत या फळाविषयीं जें छापलें गेलें, तें खुडणाऱ्यांनीं लिहिलेलें नव्हतें. संपादकानें उपमा दिली, वार्ताहरानें दुःख वर्णिलें, कारकुनानें खटला नोंदविला. खुडणाऱ्यांचा स्वतःचा शब्द कागदावर येण्यास पुढील शतक उजाडावें लागलें. १९३५ सालीं स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य मंडळानें १९३७ पासून सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गाच्या मुलांना एक काम सांगितलें. घरांतील व गांवांतील वृद्धांना विचारून, ते जें सांगतील तें वह्यांत उतरवून आणावयाचें. विषय ठरवून दिलेले होते. त्यांत दुष्काळाच्या आठवणी होत्या, झाडपाल्याचीं औषधें होतीं, सणवार होते. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठांत जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत पूका आहे, डांग्या खोकल्यावर उपाय म्हणून मुलाला दोन्ही टोंकांनीं रुजलेल्या कमानदार फांदीखालून सरपटत नेण्याची रीत आहे, आणि उपासमारीच्या दिवसांत माणसांनीं काय काय खाल्लें त्याच्या आठवणी आहेत.

पूर्वीं ज्यांना शाळा सोडून बांधावर जावें लागलें, त्यांच्याच नातवंडांनीं शाळेंत बसून त्यांच्या गोष्टी लिहिल्या. वृत्तपत्रांत जें फळ विपुलतेची उपमा होतें, तें या वह्यांत पुन्हा फळ झालें. किती मिळालें, कोठें मिळालें आणि कोणत्या रात्रीनंतर संपलें, एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें. भुकेचा इतिहास लिहिणाराला इतकें पुरेसें आहे.